तिमाही हिशेबातून दिसणारे थायलंडचे शेतीउद्योग

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. कृषिविद्या विभागाच्या माणसाने पेरणी, खत, तणनियंत्रण यांवर बोलावे, ते सोडून थायलंडमधल्या कंपन्यांच्या नफातोट्यावर का बोलावे? त्याला कारण आहे. थायलंड हा आपल्यासारखाच मोसमी पावसाचा, भात, ऊस, मका, रबर, कोंबडी आणि कोळंबीचा देश आहे. तिथल्या शेतीमालावर चालणारे मोठे उद्योग शेअर बाजारात नोंदलेले आहेत आणि दर तीन महिन्यांनी त्यांना आपला हिशेब जाहीर करावा लागतो. त्या हिशेबाच्या आकड्यांमागे मक्याचा भाव असतो, जनावरांचा रोग असतो, न झालेला पाऊस असतो. म्हणजे तो आपलाच विषय आहे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्याकडे करार पद्धतीने ब्रॉयलर कोंबड्या पाळणारे शेतकरी पुष्कळ आहेत. कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे देते, शेतकरी शेड बांधतो व संगोपन करतो. शेडसाठी बँकेचे कर्ज सात-आठ वर्षांचे असते, कंपनीचा करार मात्र एका बॅचपुरता असतो. ज्या कंपनीच्या भरवशावर आपण एवढे कर्ज काढतो, तिची प्रकृती कशी आहे हे शेतकऱ्याला कळायला हवे. डॉक्टरला जशी नाडी, तसा जाणकाराला तिमाही हिशेब. तो कसा पाहावा, हे थायलंडच्या काही उदाहरणांवरून आज आपण समजावून घेऊ.

थायलंडचा शेअर बाजार

बँकॉकच्या शेअर बाजारात व्यवहार सुरू झाले ते ३० एप्रिल १९७५ रोजी. १९९२ मध्ये तिथे नवा रोखे कायदा झाला आणि बाजारावर देखरेख करणारा आयोग स्थापन झाला. आपल्याकडे सेबीला कायद्याने अधिकार मिळाले तेही १९९२ मध्येच. मुख्य बाजार आणि लहान कंपन्यांसाठीचा दुसरा बाजार मिळून आज तिथे ८०० हून अधिक कंपन्या नोंदलेल्या आहेत.

नियम असा की, तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत लेखापरीक्षकाने नजरेखालून घातलेला हिशेब जाहीर झाला पाहिजे. नफ्यात मागील वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त फरक पडला असेल, तर त्याचे कारण व्यवस्थापनाने लिहून द्यावे लागते. हे स्पष्टीकरणाचे दोन-चार पानांचे पत्रक फार उपयोगाचे असते. आकडे समजले नाहीत तरी त्यातून मका महागला की डुकरांचा भाव पडला, ते कळते.

थायलंडचे हिशेब वाचताना तीन गोष्टी आधी ध्यानात ठेवाव्यात :

१) तिथले सन बुद्धसंवताचे असते. आपल्या इसवी सनात ५४३ मिळवले की ते येते. म्हणजे २५६७ लिहिले असेल तर ते २०२४ समजावे.

२) रक्कम दशलक्ष बातमध्ये दिलेली असते. दहा दशलक्ष म्हणजे एक कोटी. २०२४ मध्ये एक बात अडीच रुपयांच्या जरा खाली होता. आज मी सर्व आकडे कोटी बातमध्ये सांगणार आहे.

३) बहुतेक कंपन्यांचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. साखर कंपन्यांचे वर्ष मात्र गळीत हंगामाला धरून असू शकते. उदाहरणार्थ, खोन केन शुगर या कंपनीचे वर्ष ३१ ऑक्टोबरला संपते. म्हणून ‘पहिली तिमाही’ असे वाचल्यावर कोणते महिने, ते आधी पाहावे.

हिशेबात काय पाहावे ?

सर्वांत वरची ओळ विक्रीची. वर्तमानपत्रात ठळक अक्षरात तीच येते. पण एकरी ६० टन ऊस निघाला एवढ्यावरून तो शेतकरी फायद्यात आहे की नाही, हे आपण सांगू शकतो का? तसेच इथे आहे. विक्रीतून कच्च्या मालाचा व उत्पादनाचा खर्च वजा केला की ढोबळ नफा उरतो. त्यातून कार्यालय, वाहतूक, जाहिरात यांचा खर्च जातो. मग कर्जावरचे व्याज आणि कर. ज्या दुसऱ्या कंपन्यांत आपले भाग आहेत, त्यांच्या नफातोट्यातला हिस्साही यात धरतात. एखादी जमीन विकली, एखादा धंदा बुडीत खाती घातला, तर तो एकवेळचा जमाखर्चही इथेच येतो. शेवटी उरतो तो निव्वळ नफा.

तुलना करताना शेतीउद्योगात एक पथ्य पाळले पाहिजे. या तिमाहीची तुलना लगतच्या मागील तिमाहीशी करून चालत नाही. रबराचेच पाहा. फेब्रुवारी ते मे या काळात पानगळ होते, चीक कमी निघतो. सिंधुदुर्ग व गोव्यातल्या रबर बागायतदारांना हे सांगायला नको. त्या तिमाहीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी केली तरच ती न्याय्य होते. खरिपाची तुलना खरिपाशीच करावी, उन्हाळी पिकाशी नव्हे.

आणखी एक बाब. चौथ्या तिमाहीचा वेगळा हिशेब पुष्कळदा दिलेला नसतो, थेट वर्षाचा दिला जातो. त्या वेळी वर्षाच्या आकड्यातून पहिल्या नऊ महिन्यांचा आकडा वजा करावा. एवढी वजाबाकी केली की वर्षाची अखेर कशी गेली, ते कळते.

उदाहरण पहिले : कोंबडी, डुक्कर आणि खाद्य

१९२१ मध्ये चीनमधून आलेल्या दोन भावांनी बँकॉकमध्ये भाजीपाल्याच्या बियाण्याचे दुकान काढले. त्यातून पुढे चारोएन पोकफांड, म्हणजे सी.पी. हा उद्योगसमूह उभा राहिला. १९७० मध्ये अमेरिकेतील आर्बर एकर्स कंपनीशी भागीदारी करून समूहाने सुधारित ब्रॉयलर जात आणली आणि शेतकऱ्यांशी करार करून कोंबड्या वाढवायला सुरुवात केली. आशियातील करार पद्धतीच्या कुक्कुटपालनाचा इतिहास लिहिताना हा टप्पा टाळता येत नाही. समूहाची पशुखाद्य कंपनी १९८७ मध्ये शेअर बाजारात आली. तिचेच आजचे नाव सी.पी. फूड्स. तिची निम्म्याहून अधिक विक्री आता थायलंडबाहेरच्या देशांत होते, त्यात व्हिएतनाम महत्त्वाचा.

या कंपनीचे दोन वर्षांचे निव्वळ नफ्याचे तिमाही आकडे पाहू. आकडे कोटी बातमध्ये असून पूर्णांकात दिले आहेत.

२०२३ : पहिली तिमाही तोटा २७३, दुसरी तोटा ७९, तिसरी तोटा १८१, चौथी नफा १२. वर्षाचा तोटा ५२१.

२०२४ : पहिली तिमाही नफा ११५, दुसरी ६९३, तिसरी ७३१, चौथी ४१७. वर्षाचा नफा १,९५६.

आता या दोन वर्षांची विक्री पाहा. २०२३ मध्ये ती सुमारे ५८,५८४ कोटी बात होती आणि २०२४ मध्ये ५८,०७५ कोटी. म्हणजे विक्री किंचित कमी झाली, पण तोट्याचा नफा झाला. १०० बातच्या विक्रीमागे हिशेब केला, तर २०२३ मध्ये ९० पैशांच्या आसपास तोटा आणि २०२४ मध्ये ३ बात ३७ पैसे नफा. एवढ्या मोठ्या कंपनीचे जगणे-मरणे शंभरामागे तीन-चार बातवर अवलंबून आहे. त्यातही तो फरक कशाने पडला, हे आपल्या कामाचे आहे.

ही कथा २०२२ पासून सुरू होते. त्या वर्षी जानेवारीत थायलंड सरकारने आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग देशात असल्याचे अधिकृतपणे मान्य केले. या रोगाने जनावरे मेली, गोठे रिकामे झाले, मांस महागले. जिवंत डुकराचा भाव किलोला १०० बातच्या वर गेला. ज्यांची जनावरे वाचली त्यांना चांगला पैसा झाला. सी.पी. फूड्सला त्या वर्षी सुमारे १,३९७ कोटी बात नफा झाला. लहान पशुपालकांपैकी अनेकांकडे मात्र भाव आला तेव्हा विकायला जनावरच उरले नव्हते. भाव आणि माल हे दोन्ही एका वेळी हातात असणे, हीच शेतीतली अवघड गोष्ट आहे.

पुढच्या वर्षी चक्र उलटे फिरले. भाव पाहून उत्पादन वाढले. त्यात परदेशातून चोरट्या मार्गाने गोठवलेले डुकराचे मांस आले. लाएम छबांग बंदरावर अशा मांसाचे १६१ कंटेनर सापडले आणि त्यावरून देशभर चौकशी झाली. २०२३ च्या उत्तरार्धात जिवंत डुकराचा भाव किलोला ७० बातच्या खाली आला. याच काळात मका आणि सोयापेंड युक्रेन युद्धानंतर चढलेल्या भावाने घेतलेली होती. त्याबरोबर व्याजही वाढले : थायलंडच्या मध्यवर्ती बँकेने ऑगस्ट २०२२ ते सप्टेंबर २०२३ या काळात आपला दर अर्ध्या टक्क्यावरून अडीच टक्क्यांवर नेला. महाग खाद्य, स्वस्त माल आणि महाग कर्ज अशी तिन्ही बाजूंनी ओढाताण झाल्यावर तोटा होणारच.

२०२४ मध्ये मका व सोयापेंड स्वस्त झाली, थायलंड आणि व्हिएतनाममध्ये डुकरांचे भाव सुधारले. सहयोगी कंपन्यांकडून येणारा नफ्याचा हिस्साही वाढला. कंपनीने फार वेगळे काही केले म्हणून नव्हे, तर खाद्य आणि माल यांच्या भावांतले अंतर वाढले म्हणून प्रामुख्याने हा बदल झाला. कुक्कुटपालन किंवा दुग्धव्यवसाय करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने हे अंतर दर महिन्याला लिहून ठेवावे. एक किलो पशुखाद्य आणि एक लिटर दूध यांच्या भावांची तुलना पाहिली की गोठ्याची दिशा कळते.

उभ्या पिकाची किंमत

या कंपनीच्या हिशेबात ‘जैविक मालमत्तेच्या मूल्यातील बदल’ अशी एक ओळ असते. ती नीट समजून घ्यावी. १ जानेवारी २०१६ पासून थायलंडमध्ये शेतीसाठी स्वतंत्र लेखा मानक लागू आहे. आपल्याकडील मोठ्या कंपन्यांनाही त्याच सुमारास तसेच मानक लागू झाले. त्यानुसार विकायच्या राहिलेल्या कोंबड्या, डुकरे, कोळंबी यांची किंमत तिमाहीच्या शेवटच्या दिवशीच्या वाजवी मूल्याने, म्हणजे साधारणपणे त्या दिवशीच्या बाजारभावाने, धरावी लागते.

समजा, शेडमध्ये १,००० जनावरे आहेत. प्रत्येकावर आतापर्यंत ६,००० बात खर्च झाला. तिमाहीअखेरीस बाजारभावाने त्याची किंमत ५,५०० भरली, तर एकही जनावर न विकता ५ लाख बात तोटा हिशेबात पडतो. पुढच्या तिमाहीत भाव सुधारला तर तोच आकडा नफा म्हणून परत येतो. आपण बांधावर उभे राहून ‘आज कांदा काढला तर किती होतील’ असा अंदाज करतो, त्याच प्रकारचा हा अंदाज आहे. तो खोटा नसतो. पण तो खिशातला पैसाही नसतो. म्हणून एखाद्या तिमाहीत नफा एकदम उसळला किंवा कोसळला, तर त्यात या ओळीचा वाटा किती, हे वेगळे काढून पाहावे.

उदाहरण दुसरे : मासळी आणि एकवेळचा तोटा

थाई युनियन ही डबाबंद ट्यूना माशांच्या व्यवसायातली जगातील आघाडीची कंपनी. आपल्या देशात कोळंबीचे खाद्य बनवणाऱ्या अवंती फीड्स या कंपनीतही तिचे भाग आहेत, त्यामुळे कोळंबी पाळणाऱ्यांना तिचे नाव अगदीच परके नाही.

थाई युनियनने २०१६ मध्ये अमेरिकेतील रेड लॉब्स्टर या उपाहारगृहांच्या साखळीत ५७ कोटी ५० लाख डॉलर गुंतवले. माल आपला आणि उपाहारगृहही आपले, असा हा विचार होता. पुढे करोनाची साथ आली, मजुरी व व्याज वाढले आणि ही साखळी तोट्यात गेली. २०२३ मध्ये तिने ठरावीक रकमेत हवी तेवढी कोळंबी खा, अशी योजना कायमची केली. लोक पोटभर खाऊन गेले आणि तोटा आणखी वाढला. जानेवारी २०२४ मध्ये थाई युनियनने या गुंतवणुकीतून बाहेर पडण्याचे जाहीर केले आणि २०२३ च्या चौथ्या तिमाहीत सुमारे १,८४३ कोटी बात बुडीत खाती टाकले. त्यामुळे पूर्ण वर्षाचा तोटा सुमारे १,३९३ कोटी बात झाला. मे २०२४ मध्ये रेड लॉब्स्टरने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

शेवटची ओळ वाचणारा म्हणेल, ट्यूनाचा धंदा बुडाला. वस्तुस्थिती तशी नव्हती. डबाबंद मासळी आणि पाळीव प्राण्यांचे खाद्य विकून कंपनीला पैसा मिळतच होता आणि त्या वर्षी तिने भागधारकांना लाभांशही दिला. १,८४३ कोटी त्या तिमाहीत तिजोरीतून गेले नाहीत. ते पूर्वीच गेले होते. ते परत येणार नाहीत हे त्या तिमाहीत मान्य केले गेले.

यातून दोन बोध घ्यावेत. एक, चालू धंद्यातला तोटा आणि एकवेळचा तोटा वेगवेगळा वाचावा. दोन, आपल्याला ज्यातले कळते त्याच्या पलीकडच्या धंद्यात उडी घेताना मोठ्या कंपनीचेही हात पोळतात. प्रक्रियेपर्यंत चांगली चाललेली शेतकरी उत्पादक कंपनी शहरात मोठे दुकान काढू म्हणते, तेव्हा हे उदाहरण आठवावे.

उदाहरण तिसरे : रबराचे हातमोजे

थायलंड नैसर्गिक रबराच्या उत्पादनात जगात पहिला आहे. श्री त्रांग या रबर कंपनीची हातमोजे बनवणारी उपकंपनी २ जुलै २०२० रोजी शेअर बाजारात आली. करोनामुळे जगभर हातमोज्यांची टंचाई होती. २०१९ मध्ये सुमारे ६३ कोटी बात असलेला नफा २०२० मध्ये सुमारे १,४४० कोटी आणि २०२१ मध्ये सुमारे २,३७० कोटींवर गेला. लोकांना वाटले, आता हे असेच चालणार. पण थायलंड, मलेशिया, चीन सगळीकडेच नवे कारखाने उभे राहत होते. साथ ओसरली, दर पडले आणि २०२२ चा नफा २०२१ च्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली आला.

२०२१ सालात तिमाही आकडे ओळीने मांडले असते, तर वर्ष उच्चांकी असूनही उत्तरार्ध उतरता आहे, हे दिसले असते. वार्षिक अहवालात डोंगराचे टोक दिसते, तिमाही हिशेबात उतार कुठे सुरू झाला तेही दिसते. टोमॅटो, कांदा, आले यांचा भाव एका हंगामात चढला की दुसऱ्या हंगामात सगळे शिवार त्याच पिकाने भरते. ही चूक फक्त शेतकरी करतो असे म्हणतात, ते खरे नाही.

उदाहरण चौथे : ऊस आणि ७०:३०

आपल्या भागाला सर्वांत जवळचा विषय साखरेचा. थायलंडमध्ये १९८४ च्या ऊस व साखर कायद्याने साखरेच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकांना आणि ३० टक्के कारखान्यांना, अशी पद्धत बसवली. हंगामाच्या सुरुवातीला प्राथमिक दर जाहीर होतो, हिशेब पुरा झाल्यावर अंतिम दर ठरतो. ब्राझीलने २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केल्यावर थायलंडने २०१८ मध्ये देशांतर्गत कोटा व साखरेच्या भावावरील नियंत्रण काढले. महसूल वाटपाची पद्धत मात्र राहिली. आपल्याकडे रंगराजन समितीने २०१२ मध्ये महसूल वाटपाचीच शिफारस केली आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊसदर विनियमनाचा कायदा केला, हे आपणांस माहीत आहे.

मितर फोल हा तिथला सर्वांत मोठा साखर समूह, पण त्याची मुख्य कंपनी शेअर बाजारात नाही. खोन केन शुगर, बुरीराम शुगर, केटीआयएस या कंपन्या बाजारात आहेत. त्यांचे हिशेब पाहताना दोन गोष्टी पाहाव्यात : उसाचे टन आणि साखरेचा भाव. २०१७-१८ च्या हंगामात थायलंडमध्ये सुमारे १३.५ कोटी टन ऊस गाळला गेला. दुष्काळामुळे २०२०-२१ मध्ये तो ६.७ कोटी टनांवर, म्हणजे निम्म्यावर आला. कारखाना तोच, कर्मचारी तेच, व्याज तेच; गाळप निम्मे. मग प्रत्येक टनावर खर्चाचा बोजा दुप्पट पडतो. २०२३-२४ मध्येही गाळप ८.२ कोटी टनच झाले. कमी पाऊस हे एक कारण आणि शेतकरी कसाव्याकडे, म्हणजे टॅपिओकाच्या कंदाकडे, वळले हे दुसरे. पण २०२३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बाजारात कच्ची साखर पौंडाला २८ सेंटच्या आसपास, बारा वर्षांतील उच्च पातळीवर होती. त्यामुळे ऊस कमी असूनही साखरेचा भाव हात देत होता.

साखर कंपनीची एखादी तिमाही पाहून मत बनवू नये. गळीत तिथे साधारण डिसेंबर ते मार्च-एप्रिल चालते, पण साखर वर्षभर विकली जाते आणि पुष्कळशी निर्यात आधीच ठरवलेल्या भावाने होते. बाजारात भाव चढला तरी तो हिशेबात यायला दोन-तीन तिमाह्या लागतात.

चलनाचा फेरा

थायलंडच्या कंपन्यांना चलनाचा चटका चांगलाच माहीत आहे. २ जुलै १९९७ रोजी सरकारने बातचा दर मोकळा सोडला. तोवर डॉलरला २५ बात होते. जानेवारी १९९८ पर्यंत ५० च्या वर गेले. ज्यांनी डॉलरमध्ये कर्ज काढले होते त्यांचे कर्ज बातमध्ये दुप्पट झाले. कारखाना चालू, माल खपतो, तरी हिशेबात प्रचंड तोटा. निर्यात करणाऱ्यांना मात्र डॉलरचे जास्त बात मिळाले. याउलट २०२४ च्या तिसऱ्या तिमाहीत बात वेगाने वधारला, तेव्हा निर्यातदारांच्या मिळकतीला कात्री लागली. म्हणून कर्ज कोणत्या चलनात आणि विक्री कोणत्या चलनात, हा प्रश्न विचारावाच.

हिशेब वेळेवर न येणे

कधी कधी हिशेब न येणे हाच मोठा संकेत असतो. स्टार्क या विजेच्या तारा बनवणाऱ्या कंपनीने २०२२ चा हिशेब वेळेत दिला नाही. मार्च २०२३ पासून तिच्या शेअरचे व्यवहार थांबवावे लागले. नंतरच्या विशेष तपासणीत संशयास्पद विक्री उघड झाली आणि जून २०२३ मध्ये आलेल्या हिशेबात आधीच्या वर्षाचा नफादेखील तोट्यात बदलला. ज्या संस्थेचा हिशेब वारंवार लांबतो, तिथे सभासदांनी सावध व्हावे. ही गोष्ट परदेशापुरती नाही.

हिशेबात न दिसणारा शेतकरी

बंधूंनो, इतके सगळे दाखवणाऱ्या या कागदात एक माणूस दिसत नाही. तो म्हणजे करारावर कोंबड्या व डुकरे वाढवणारा शेतकरी. त्याला दिलेले पैसे कंपनीच्या उत्पादन खर्चात मिसळलेले असतात. तोट्याच्या तिमाहीनंतर कंपनी लिहिते, ‘उत्पादनाचे नियोजन केले, खर्चात काटकसर केली’. प्रत्यक्षात याचा अर्थ दोन बॅचमधले अंतर वाढले, शेड जास्त दिवस रिकामे राहिले, असाही असू शकतो. बँकेचा हप्ता मात्र रिकाम्या शेडलाही चुकत नाही.

करार दोन प्रकारचे असतात. एकात माल ठरलेल्या भावाने घेण्याची हमी असते, दुसऱ्यात शेतकऱ्याला किलोमागे संगोपनाचा मोबदला मिळतो. भाव पडला तर दोन्हींत तो धक्का आधी कंपनीला बसतो, हे करार पद्धतीच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०२३ चा ५२१ कोटींचा तोटा करारातल्या शेतकऱ्यांच्या खात्यावर थेट पडला नाही. पण पुढच्या बॅचची संख्या, पिल्लांची प्रत आणि खाद्याची वेळ कंपनीच्या हातात असते. थायलंडने २०१७ मध्ये करार शेतीसाठी कायदा केला. त्यानुसार करारापूर्वी कंपनीने शेतकऱ्याला जोखीम, खर्च, मोबदला यांची लेखी माहिती द्यावी लागते. त्याची गरज का पडली, ते वेगळे सांगायला नको.

आपण काय करावे ?

१) करार करणारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिचा तिमाही हिशेब मागवून किंवा संगणकावर काढून पाहावा. आपल्याकडेही तो ४५ दिवसांत जाहीर होतो. गावातील वाणिज्य शाखेच्या मुलाला सोबत घ्यावे.

२) किमान आठ तिमाह्यांचे आकडे एका कागदावर ओळीने मांडावेत. एका तिमाहीवरून निष्कर्ष काढू नये.

३) विक्री, ढोबळ नफा, व्याज आणि निव्वळ नफा एवढ्या चार ओळी पुरेत. व्याज भागवून काही उरते का, हे पहिल्यांदा पाहावे.

४) नफा वाढला असेल तर तो मालातून, उभ्या जनावरांच्या किमतीतून की एकवेळच्या व्यवहारातून, याची फोड करावी.

५) शेडचे कर्ज कराराच्या मुदतीपेक्षा फार लांब असेल, तर रिकाम्या बॅचची तरतूद धरूनच कर्जाची रक्कम ठरवावी. वर्षात सहा बॅच मिळतील असे कोणी सांगितले, तर आपला हिशेब चार बॅचवर करावा.

६) शेतकरी उत्पादक कंपन्यांनी वार्षिक सभेची वाट न पाहता दर तीन महिन्यांनी सभासदांपुढे एका पानाचा हिशेब ठेवावा : खरेदी, विक्री, शिल्लक माल, येणे आणि देणे. मार्चमध्ये कळणारा तोटा सप्टेंबरमध्ये कळला, तर रब्बीची खरेदी आवरता येते.

७) घरच्या शेतीचाही असाच हिशेब ठेवावा. जून ते ऑगस्ट पैसा फक्त जातो, तेव्हा त्याला तोटा समजून घाबरू नये. आणि सुगीत हातात आलेली सगळी रक्कम नफा समजून खर्च करू नये.

बंधू-भगिनींनो, बँकॉकमधल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी आपले उघडे करून दाखवावे लागते, ते कायद्याच्या सक्तीने. आपल्यावर तशी सक्ती नाही, पण गरज तेवढीच आहे. ज्यांचे करार चालू आहेत, त्यांनी पुढच्या मेळाव्याला येताना कराराची प्रत आणि गेल्या वर्षभरातील बॅचच्या पावत्या सोबत आणाव्यात. आपण एकत्र बसून त्यांची मांडणी करू.